फुल मॅरेथॉनचा सराव, घरात पैलवानी खुराक आणि २८ किलोमीटरनंतर बंद पडणारे पाय

रंकाळा_फेरी | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, जरा मदत हवी आहे. हाफ मॅरेथॉन पळून झाल्यात, आता पहिल्यांदाच ४२.२ किलोमीटरची तयारी चालू आहे. वय ३६, वजन ७० किलो. मधल्या वारी रंकाळा, एखाद्या दिवशी विद्यापीठाचा चढ आणि रविवारी लांब पल्ला. पंचवीसेक किलोमीटरपर्यंत सगळं झकास. अठ्ठाविसाव्याच्या आसपास कुणीतरी घराचा मेन स्विच पाडावा तसं होतं. दम लागलेला नसतो, पण पाय उचलत नाहीत, डोकं बधिर होतं आणि समोर दिसेल त्याचा राग यायला लागतो.

खाण्यात तर काही कसूर नाही. वडील जुने पैलवान, त्यामुळे घरात खुराकाला सुट्टी नाही. रात्री अर्धा लिटर म्हशीचं दूध, सकाळी भिजवलेले बदाम, आठवड्यातून दोन-तीनदा मटण. शनिवारी तर 'उद्या पोराला पळायचंय' म्हणून खास तांबडा-पांढरा. रविवारी पहाटे साडेचारला उठतो, कपभर चहा घेतो आणि निघतो, कारण पोटात काही असलं की जड वाटतं. वाटेत फक्त पाणी.

ग्रुपमधली पोरं म्हणतात जेल घे, पळताना चोखायची ती साखरेची पुडी. वडील म्हणतात तूप वाढव. यूट्यूब म्हणतं भात-भाकरी बंद कर. आता कुणाचं ऐकू?

---

कट_वाढा | सोमवार, रात्री ९:२४

तांबडा-पांढरा वरपून दुसऱ्या दिवशी २८ किलोमीटर? नाद खुळा भावा. आम्ही तेवढं खाऊन गादीपर्यंतच पोचतो.

(वाचतोय. जाणकारांनी लिहा.)

---

ताटवाटी | सोमवार, रात्री १०:०५

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या पळणाऱ्यांपैकी निम्म्यांची हीच तक्रार असते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमचा खुराक वाईट नाही, उलट अनेकांना हेवा वाटावा असा आहे. फक्त पळताना जे जळतं ते त्यात कमी आहे. बेताच्या वेगाने पळताना शरीर दोन गोष्टी जाळतं, चरबी आणि कर्बोदकं. चरबीचा साठा संपता संपत नाही. अंगात १० टक्के चरबी असलेल्या ७० किलोच्या सडपातळ माणसाकडेसुद्धा ७ किलो चरबी, म्हणजे साठ हजारांच्या वर कॅलरी पडून असतात. पण चरबी सावकाश जळते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी प्राणवायू जास्त मागते. वेग वाढला की शरीर ती बाजूला ठेवून ग्लायकोजेनकडे वळतं.

ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर. स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, यकृतात ८० ते १०० ग्रॅम. सगळं मिळून दोन हजार कॅलरीच्या आसपास. आता तुमचा हिशेब मांडा. पळताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला अंदाजे एक कॅलरी खर्च होते. ७० किलो गुणिले ४२ म्हणजे जवळजवळ तीन हजार. यातला काही भाग चरबी उचलते, पण साठा पूर्ण भरलेला असला तरी शेवटचे दहा-बारा किलोमीटर ओढाताणीचेच. आणि तुमचा तर भरलेलाही नसतो.

तो का नसतो, ते शनिवारच्या ताटातच दिसतं. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत कर्बोदकं ३५ ग्रॅम. मटणात जवळजवळ शून्य. रश्शात तेल आणि खोबरं. अर्धा लिटर दुधात साखर जेमतेम २५ ग्रॅम. बदाम म्हणजे निम्म्याहून जरा कमी चरबीच. पोट तुडुंब भरलं, टाकी अर्धीच. शिवाय रात्रभर मेंदू यकृतातल्या साठ्यावर चालतो, त्यामुळे पहाटे तो बराच उतरलेला असतो. त्यावर तुम्ही नुसता चहा घेऊन निघता. डोकं बधिर होणं आणि चिडचिड हे रक्तातली साखर उतरल्याचं लक्षण आहे. स्वभावाचा दोष नाही, घरी सांगायला हरकत नाही.

हे शोध आजचे नाहीत. १९२४ साली बॉस्टन मॅरेथॉन संपवून आलेल्या धावपटूंचं रक्त तपासलं, तर अनेकांची साखर खूप खाली गेलेली सापडली. पुढच्या वर्षी काही जणांना आधीपासून कर्बोदकं जास्त खायला लावली आणि शर्यतीत गोळ्या-चॉकलेटं दिली. साखरही टिकली आणि माणसंही ताजीतवानी पोचली.

त्याहून गमतीचा प्रयोग स्वीडनचा. बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोघांनी १९६६ साली स्वतःवरच केला. एक सायकल, तिच्या दोन बाजूंना दोघे, प्रत्येकाने एकच पाय मारायचा. दमलेल्या पायातलं ग्लायकोजेन संपलं. मग पुढचे दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि सुईने मांडीचा तुकडा काढून तपासला. दमलेल्या पायात ग्लायकोजेन आरामात बसलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट! शर्यतीआधीच्या 'कार्ब लोडिंग'चं मूळ इथे आहे.

---

केटो_कट्टा | मंगळवार, सकाळी ६:५०

ताटवाटीताईंनी स्वतःच सांगितलं की चरबी साठ हजार कॅलरी आहे. मग दोन हजारांच्या मागे कशाला लागायचं? शरीराला चरबी जाळायला शिकवा. मी सहा महिने भात, साखर, गूळ काहीच खात नाही. वजन उतरलं, सकाळी उपाशीपोटी आरामात पळतो.

---

ताटवाटी | मंगळवार, दुपारी १:३०

वजन उतरलं ही चांगलीच गोष्ट, आणि आरामात पळायचं असेल तर तुमचं चालेलही. प्रश्न घड्याळ लावून ४२ किलोमीटर पळण्याचा आहे. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांच्या गटाने जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंवर हे तपासलं, २०१७ साली प्रसिद्ध झालं. चरबीवर ठेवलेल्या खेळाडूंची चरबी जाळण्याची क्षमता खरंच प्रचंड वाढली. पण त्याच वेगाला त्यांना प्राणवायू जास्त लागू लागला, आणि इतकी मेहनत करूनही वेळ सुधारली नाही. कर्बोदकं खाणारे मात्र सुधारले.

आठवड्यातला एखादा हलका सराव न खाता करायला माझी ना नाही. रविवारचा लांब पल्ला मात्र तसा नको.

---

लाल_माती | मंगळवार, रात्री ८:१५

पोरानो, मी जुना तालमीतला माणूस. हितं सगळे खुराकाला नावं ठेवायलाल्यात म्हणून लिवायलोय. आमच्या वक्ताला पहाटं तीनला उठून हजार-हजार जोर-बैठका, मग लाल मातीत लढत, मग थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी दगडी कुंडीत घोटून. दूध गंगावेशीत म्हस डोळ्यादेखत पिळून. त्याच्यावर खासबाग गाजवलंय लोकांनी. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं, ते काय जेल खाऊन? तूप-दूध सोडून पोरं साखरंच्या पुड्या चोखायलीत, ह्याला काय म्हणायचं?

---

दोन_चाकी | मंगळवार, रात्री ९:०२

वस्ताद, पाया पडतो. नावं कुणीच ठेवलेली नाहीत. पण तुम्हीच सांगा, थंडाईत खडीसाखर किती पडायची? आणि मेहनतीनंतर दुपारी भाकऱ्या किती?

---

लाल_माती | मंगळवार, रात्री ९:२०

खडीसाखर मूठभर तर पडायचीच. भाकऱ्या कोण मोजतंय. वाढणारा दमायचा.

---

ताटवाटी | मंगळवार, रात्री ९:४५

काका, तुम्ही माझं काम सोपं केलंत. जुन्या पैलवानाचं नाव दूध-तुपाने झालं, पण ताटात भाकरीची चवड असायची. आज घरोघरी दूध, बदाम, मटण राहिलं आणि 'पोट सुटेल' म्हणून भाकरी एकावर आली.

आणि कुस्तीचं गणितही वेगळं. मॅटवरची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, जोर क्षणात लावायचा, अंगात मांस हवं. त्यासाठी प्रथिनं लागतातच. लांब पल्ल्याच्या माणसालाही लागतात, वजनाच्या किलोमागे रोज साधारण १.२ ते २ ग्रॅम. ७० किलोला शंभरेक ग्रॅम धरा. रंकाळा_फेरींच्या घरात ते आरामात होतं, त्यामुळे तूप वाढवायची गरज नाही आणि पावडरचा डबाही नको. कमी पडतायत ती कर्बोदकं. रोज तासभर सराव असेल तर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम, दोन-तीन तासांचा असेल तर ६ ते १०. म्हणजे तुम्हाला दिवसाला साडेतीनशे-चारशे ग्रॅम तरी. त्या मानाने दोन भाकऱ्या आणि वाटीभर भात किती होतात ते बघा.

शनिवारचा रस्सा शुक्रवारी करा. शनिवारी रात्री भात, साधं वरण, बटाटा, दही. तिखट-तेलकट पोटात तासन्तास रेंगाळतं आणि पहाटे त्याचाच त्रास होतो.

---

कट_वाढा | मंगळवार, रात्री ९:५१

कोल्हापुरात शनिवारी वरणभात. दिवस फिरले.

---

दोन_चाकी | बुधवार, सकाळी ७:३०

आता वाटेत काय खायचं ते मी सांगतो, कारण तो आमचा प्रांत. बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, तिथे न खाता कुणी पोचत नाही. रविवारी गगनबावड्याला जाऊन यायचं म्हटलं तरी शंभराच्या वर किलोमीटर होतात.

नियम सोपा आहे. तासाभराच्या आत संपणाऱ्या कामाला पाणी पुरे. एक ते अडीच तासांच्या मेहनतीला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. त्याहून लांबला ९० पर्यंत, पण एका अटीवर. आतड्यात नुसतं ग्लुकोज शोषायची वाट अरुंद आहे, तासाला साठेक ग्रॅमच्या पुढे ती तुंबते. फळसाखर म्हणजे फ्रुक्टोज दुसऱ्या वाटेने आत जातं. दोन्ही मिसळून दिलं की दोन्ही वाटा चालू होतात आणि जास्त माल आत जातो. महागड्या जेलच्या पुडीवर मोठ्या अक्षरात ग्लुकोज-फ्रुक्टोज लिहिलेलं असतं ते यासाठी.

आता ऐका. साध्या साखरेचा रेणू म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. उसातली साखरही तीच, गुळातलीही तीच. आपण ज्या जिल्ह्यात राहतो तिथे हे इंधन शेतात उभं आहे आणि आम्ही ते परदेशी पुडीत शोधतोय.

माझी बाटली: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६५ ग्रॅम गूळ, पाव चमचा मीठ, एक लिंबू, गाळून. सहा टक्क्यांच्या आसपास साखर पडते, बाजारातल्या स्पोर्ट्स ड्रिंकइतकीच. मिठातून सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. याहून दाट करू नका, पोटात तसंच बसतं आणि डचमळतं.

सोबत जवारी केळी. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास. भडंगही नेतो, चुरमुरे म्हणजे कर्बोदकंच आणि खारट चव दुपारी बरी लागते, पण लसूण-मिरची बेताची असलेली घ्या. भर चढावर ढेकर आला की कळतं. शेंगदाण्याची चिक्की सायकलवर ठीक, पळताना नको. दाण्यातल्या तेलाने सावकाश उतरते आणि चावताना दम लागतो.

---

गुऱ्हाळवाला | बुधवार, रात्री १०:३०

आमचं घरचं गुऱ्हाळ आहे म्हणून दोन शब्द. पळणाऱ्यांनी गुळापेक्षा काकवी घ्यावी. काहिलीत रस आटत आला की गूळ धरायच्या आधीच गुळव्या काकवी उतरवतो, त्यामुळे ती पातळ राहते. चावायला नको, लगेच गिळता येते. एका मोठ्या चमच्यात १५ ग्रॅमच्या आसपास साखर येते. औषधाच्या दुकानात दाबायच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्यात भरून कमरेच्या पट्ट्यात अडकवा. झालं तुमचं जेल.

गूळ घेताना पिवळाधमक बघून भुलू नका. रस स्वच्छ करायला आम्ही भेंडीचा चीक वापरतो, त्या गुळाला तांबूस-तपकिरी रंग येतो. फार उजळ दिसला की विचारा, काय घातलंय.

आणि एक. गुळात लोह असतं म्हणून लोक ढेपच्या ढेप खायला सांगतात. असतं, पण पळताना तुम्ही खाल त्या मुठीत ते किती येणार? आमचाच माल आहे, तरी सांगतो, लोहासाठी गुळावर विसंबू नका.

---

रंकाळा_फेरी | गुरुवार, सकाळी ६:१५

कमाल माहिती! वडिलांना वाचून दाखवली. लाल_माती काकांचा प्रतिसाद त्यांना सगळ्यात आवडला, आणि भाकरीचा मुद्दा मान्य झाला. म्हणाले, 'आम्ही काय दुधावर जगत होतो व्हय?'

दोन शंका. पहाटे निघण्याआधी काय खाऊ? आणि पाणी किती? ग्रुपमध्ये एक जण म्हणतो दर दोन किलोमीटरला अर्धी बाटली प्यायचीच, तहान लागो न लागो.

---

डॉ_पंचगंगा | गुरुवार, दुपारी ३:४०

पाण्याबद्दल मी लिहितो, कारण या सल्ल्यातून माणूस दगावू शकतो.

तहान नसताना मोजून-मापून पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, हातापायाला सूज, गोंधळलेपण, शेवटी झटके. बॉस्टन मॅरेथॉनला २००२ साली ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम प्रमाणाबाहेर खाली होतं. सगळ्यात धोका कुणाला? संथ पळणाऱ्याला, कारण तो जास्त वेळ रस्त्यावर असतो आणि प्रत्येक टेबलावर थांबून पितो. शर्यत संपेपर्यंत वजन वाढलेलं असेल तर हमखास ओळखा की पाणी जास्त झालं.

तुमचा घाम किती हे घरीच मोजा. तासाभराच्या सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. एक किलो कमी म्हणजे एक लिटर घाम, मधे प्यायलात ते मिळवा. हे मोजमाप मे महिन्यातलं वेगळं आणि पावसाळ्यातलं वेगळं येईल. सगळं भरून काढायची गरज नाही, थोडं वजन उतरलेलं चालतं. तहानेप्रमाणे घोट-घोट घ्या. टोपीवर पांढरे डाग पडत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे, बाटलीतलं मीठ विसरू नका.

शर्यतीच्या दिवशी अंगदुखीच्या गोळ्या घेऊन पळू नका. उन्हात, पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला महागात पडतात.

मधुमेह असलेल्यांनी हा धागा वाचून थेट काकवीची बाटली भरू नये. पळताना स्नायू साखर ओढून घेतात हे खरं, पण औषधं आणि इन्सुलिनचा मेळ तुमच्या डॉक्टरांसोबतच बसवा. आणि काका, गंगावेशीतलं धारोष्ण दूध भावनेला भारी, तरी उकळून प्या.

---

ताटवाटी | गुरुवार, रात्री ९:००

पहाटेचं मी सांगते. पुस्तकी नियम असा की शर्यतीआधी एक ते चार तासांत किलोमागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदकं. जितका वेळ कमी तितकं कमी. साडेचारला उठून साडेपाचला निघणार असाल तर ७० ग्रॅमच्या आसपास. एक केळं आणि दोन-तीन जाड काप पावाचे, वर गूळ किंवा मध. किंवा साखर घातलेला रव्याचा शिरा वाटीभर, तूप अगदी बोटाला लावल्यासारखं. पोटात जड वाटतं म्हणता, तर पहिल्या रविवारी अर्धं केळं घ्या, मग वाढवत न्या. आतड्यांनाही सराव लागतो, ती शिकतात. चहा घ्या की, त्यातलं कॅफीन थोडं कामाचंच आहे.

नाचणीची आंबील ताकातली पातळ करून, मीठ घालून पिणारे माझ्याकडे दोघे-तिघे आहेत, त्यांना ती मानवते. तुम्हाला मानवेल की नाही हे सरावातच बघा. शर्यतीच्या दिवशी नवं काही नको, ना चप्पल, ना खाणं.

पळून आल्यावर: दुसऱ्या दिवशी आराम असेल तर घाई नाही, दिवसभरात नीट जेवलात की भरपाई होते. सकाळ-संध्याकाळ दोन सराव असतील तर मात्र पहिल्या चार तासांत दर तासाला किलोमागे ग्रॅमभर कर्बोदकं आणि एकदा २०-२५ ग्रॅम प्रथिनं. दूध-केळं, अंडी-भात, मुगाची खिचडी आणि ताक. तुमचं ते अर्धा लिटर दूध इथे आणा. पळून आल्यावर ते लाखमोलाचं आहे, आदल्या रात्री पोटभर पिण्यात काही अर्थ नाही.

---

पेठेतली_आई | शुक्रवार, सकाळी ११:२०

मधेच विचारते, क्षमा असावी. माझी मुलगी १६ वर्षांची, ३००० आणि ५००० मीटर पळते. जिल्हा पातळीवर चांगली चालली होती. कुणीतरी सांगितलं वजन उतरवलंस की वेळ सुधारेल. तेव्हापासून रात्री जेवत नाही, फक्त सॅलड. आधी वेळ सुधारलीही. आता सारखी दमते, पायाच्या नडगीत दुखतं, आणि तीन-चार महिने पाळी आलेली नाही. सासूबाई म्हणतात खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं. खरंच असतं का?

---

डॉ_पंचगंगा | शुक्रवार, दुपारी १२:०५

नाही ताई, असं नसतं. हा धागा वाचत बसू नका, याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नडगीचं दुखणं हाडाला बारीक तडा गेल्याचं असू शकतं. तोवर पळणं बंद. रक्तात हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन तपासायला सांगा. हिमोग्लोबिन बरं असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो.

---

ताटवाटी | शुक्रवार, दुपारी १२:५०

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. मेहनतीला लागणारी ऊर्जा वजा केल्यावर शरीर चालवायला पुरेसं उरत नाही, तेव्हा ते एकेक खातं बंद करतं. आधी पाळी, मग हाडांची बांधणी, प्रतिकारशक्ती, वाढ. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून याला रेड-एस असं नाव दिलंय आणि ते मुलग्यांमध्येही होतं. सुरुवातीला वेळ सुधारते, म्हणूनच फसायला होतं.

मुलीला वजनाबद्दल घरात कुणी एक शब्द बोलू नका. ताट पूर्ण करा: भाकरी, भात, उसळ, अंडं, दूध, सरावाआधी आणि नंतर काहीतरी. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा, आणि जेवणासोबत चहा नको, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. लोहाच्या गोळ्या तपासणी केल्याशिवाय नकोत. आणि ज्याने वजन उतरवायला सांगितलं त्याचं यापुढे ऐकू नका, तो कितीही मोठा असो.

---

लाल_माती | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

ताई, पोरीला उपाशी ठिवू नगा. आमच्या तालमीत वजन उतरवायला आल्याली पोरं चक्कर येऊन पडलेली बघितल्यात. पोरगी जेवली तर पळंल.

---

पेठेतली_आई | शुक्रवार, रात्री ८:१०

धन्यवाद सगळ्यांना. सोमवारची वेळ घेतली आहे. काका, तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवते.

---

पन्हाळगडी | शनिवार, सकाळी ९:००

पळणाऱ्यांच्या धाग्यात चालणाऱ्याने शिरू का? जुलैत पन्हाळा ते पावनखिंड करतो, भर पावसात दोन दिवसांची चाल. तिथे वेग कमी, त्यामुळे चरबी बरीच साथ देते आणि खाणं सोपं जातं. पुरणपोळी, गूळ-पोळी, उकडलेली रताळी, मीठ लावलेले बटाटे. पण थंडी-पावसात एक फसवणूक होते, तहान लागत नाही आणि भूकही कळत नाही. नवी पोरं चिखलात बसून रडायला लागली की मी आधी काहीतरी गोड तोंडात घालतो, मग विचारपूस करतो. बहुतेक वेळा विचारायची गरजच पडत नाही.

---

रंकाळा_फेरी | रविवार, सकाळी ११:४५

आत्ताच आलो. शनिवारी खरंच वरणभात झाला (वडिलांनी दोन चमचे तूप सोडलंच). पहाटे केळं आणि गूळ-पाव. वाटेत पाऊण तासानंतर दर अर्ध्या तासाला चमचाभर काकवी आणि गुळाचं पाणी. ३२ किलोमीटर झाले. तिसावा जड गेला, पण चालावं लागलं नाही आणि घरी येऊन कुणावर ओरडलोही नाही.

एक अडचण. विसाव्या किलोमीटरला पोटात बारीक कळ आली. काकवी आणि गुळाचं पाणी एकदम घेतलं होतं.

---

दोन_चाकी | रविवार, दुपारी १२:१०

दोन्ही गोड एकावेळी घेतलंस म्हणून. काकवीवर साधं पाणी प्यायचं. गुळाचं पाणी प्यायचं असेल तेव्हा काकवी नाही. आलटून-पालटून घे, तासाचा हिशेब ४०-४५ ग्रॅमवर ठेव आणि दोन-तीन रविवारांनी वाढव. साठाच्या पुढे जायची तुला तूर्त गरज नाही.

---

ताटवाटी | रविवार, दुपारी २:००

छान! शर्यतीआधीचे शेवटचे दीड-दोन दिवस पळणं कमी आणि कर्बोदकं जास्त. पुस्तकात किलोमागे १० ते १२ ग्रॅम लिहिलेली असतात, म्हणजे तुम्हाला रोज ७०० ग्रॅम. एवढा भात खाऊन दाखवणारा मी पाहिलेला नाही. हौशी माणसाला ८ ग्रॅम जमले तरी पुष्कळ. भात, बटाटा, पोहे, केळी, सरबत, थोडा गूळ, आणि त्या दोन दिवसांत कोशिंबीर-उसळी कमी, म्हणजे पोट हलकं राहतं. वजन किलो-दीड किलो वाढलेलं दिसेल, घाबरू नका. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम सोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. ते पाणी वाटेत कामाला येतं.

---

कट_वाढा | रविवार, दुपारी २:२०

शर्यत झाल्यावर मिसळ चालेल ना? की तिथेपण वरणभात?

---

ताटवाटी | रविवार, दुपारी २:२५

चालेल. पाव जास्त घ्या, कट बेताने.

---

रंकाळा_फेरी | रविवार, रात्री ८:५०

गुऱ्हाळवाले दादा, गुऱ्हाळं उन्हाळ्यात बंद असतात. माझी शर्यत त्यानंतर आहे. काकवी आत्ताच भरून ठेवली तर टिकेल का? आणि कमरेच्या बाटलीला मुंग्या लागल्यात, त्यावर काही उपाय?

---

गुऱ्हाळवाला | रविवार, रात्री १०:१५

काचेच्या कोरड्या बरणीत, झाकण घट्ट, ओला चमचा अजिबात नको, फ्रिजमध्ये ठेवा. तळाला साखर बसली तर बरणी कोमट पाण्यात धरा, विरघळेल. फेस आला किंवा आंबूस वास आला की टाकून द्या. मुंग्यांना उपाय एकच, पळून आल्या आल्या बाटली गरम पाण्याने धुवायची. बनियनसुद्धा.